सोळा म्हणजे अनंत

१९८०च्या दशकात युनिक्सवरून कुणाला ई-मेल धाडायची, तर आधी भूगोल पाठ असावा लागे. यूयूसीपी या व्यवस्थेत यंत्रं एकमेकांना टेलिफोन लावत आणि पत्रं पुढे सरकवत. कोणतं यंत्र कुणाला फोन करतं याची चौकशी पाठवणाऱ्यानं स्वतः करायची आणि वाटेतल्या एकेका यंत्राचं नाव उद्गारचिन्हानं जोडत पत्ता रचायचा. असा पाच उद्गारचिन्हांचा पत्ता पाहिला की पाठवणारा कुणावर तरी भयंकर संतापलाय असं वाटे. आपला पत्ता देताना लोक निम्माच देत: आधी तीन टिंबं, मग ‘आयएचएनपी४’, मग पुढची नावं. ‘आयएचएनपी४’ हे एटी अँड टीचं इलिनॉयमधल्या नेपरव्हिलचं सुप्रसिद्ध यंत्र. तिथवर तुमचं तुम्ही या, पुढचं आम्ही सांगतो, असा त्या टिंबांचा अर्थ.

पीटर हनीमन आणि स्टीव्ह बेलोविन यांनी मग ‘पाथएलियस’ हा प्रोग्राम लिहिला. ठिकठिकाणच्या ॲडमिननी आपापल्या शेजाऱ्यांच्या याद्या द्यायच्या आणि प्रोग्रामनं त्यातून सर्वांत स्वस्त वाट काढायची. प्रत्येक दुव्याला किंमत होती. तासातून एकदा फोन करणाऱ्या शेजाऱ्याला ५००, दिवसातून एकदा करणाऱ्याला ५,०००, आणि आठवड्यातून एकदाच आठवण काढणाऱ्याला ३०,०००. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून अमेरिकेतल्या यूयूनेट या सेवेला फोन जोडून भारतातली ई-मेल बाहेर पडू लागली, ती याच दशकाच्या अखेरीस.

आयपीनं ही मौज संपवली. आयपीचं पॅकेट निघताना फक्त मुक्कामाचं ठिकाण सांगतं, वाट सांगत नाही. वाटेतलं प्रत्येक यंत्र आपलं राउटिंग टेबल उघडतं, पुढचा एक टप्पा बघतं आणि पॅकेट तिकडे भिरकावून मोकळं होतं. पुढे त्याचं काय झालं याची विचारपूस करण्याची पद्धत नाही. कोणत्याही युनिक्सवर ‘नेटस्टॅट -आरएन’ म्हटलं की हे टेबल दिसतं. साध्या यंत्रावर त्यात चार-पाच ओळी असतात. या ओळी लिहायच्या कुणी, माणसानं (स्टॅटिक) की पडद्याआड चालणाऱ्या डेमन प्रोग्रामनं (डायनॅमिक), एवढाच काय तो वाद. तो चाळीस वर्षं चालू आहे.

‘रूट ॲड डिफॉल्ट’ आणि पुढे गेटवेचा पत्ता. स्टॅटिक पंथाची दीक्षा एवढ्यात आटोपते. जिथं जायचं ते माहीत नसेल तर सरळ गेटवेकडे जा, यापलीकडे तत्त्वज्ञान नाही. या पंथातल्या माणसाला आपलं टेबल तोंडपाठ असतं. ते रात्रीत बदलत नाही, कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, प्रोसेसर खात नाही. बिघाड झालाच तर तो कुणी केला हा प्रश्न उद्भवत नाही, कारण टेबलाला हात लावणारा माणूस एकच असतो. तो बहुधा रजेवर असतो.

स्टॅटिक मार्गाचा पहिला घोळ असा, की तो दोन ठिकाणी राहतो. एक चालू यंत्राच्या स्मृतीत आणि दुसरा बूट होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये. घाईच्या वेळी ॲडमिन पहिल्या ठिकाणी लिहितो आणि दुसऱ्या ठिकाणी उद्या लिहीन म्हणतो. यंत्र युनिक्सचं, म्हणजे बंद पडायचं नाव घेत नाही. वर्ष जातं. दरम्यान तो ॲडमिन नोकरी बदलतो. मग एके दिवशी इमारतीचं विजेचं काम निघतं, यंत्र रीबूट होतं आणि अकाउंट्स विभागाला कारखान्याचा सर्व्हर दिसेनासा होतो. काहीही बदललेलं नसताना हे झालं कसं, यावर बैठक बसते. काहीही बदललं नव्हतं हे खरंच असतं. फाइलही बदललेली नव्हती.

दुसरा घोळ परतीच्या वाटेचा. पुण्याच्या ऑफिसनं नागपूरच्या नव्या नेटवर्कची वाट आपल्या टेबलात लिहिली, पण नागपूरच्या राउटरवर पुण्याची वाट लिहायची राहिली. पॅकेट नागपूरला सुखरूप पोहोचतं, तिथलं यंत्र उत्तरही लिहितं, आणि ते उत्तर डिफॉल्ट गेटवेतून भलतीकडेच निघून जातं. पुण्याच्या मते नागपूर बंद आहे. नागपूरच्या मते पुण्याकडून चौकशा तर येतायत, उत्तर दिलं की पुन्हा तीच चौकशी. राउटर तीन असतील तर हे निस्तरता येतं. वीस असतील तर एक नवं सबनेट म्हणजे वीस ठिकाणी लॉगिन, आणि एकोणीस झाल्यावर जेवणाची सुट्टी.

तिसरा घोळ स्विचच्या दिव्याचा. स्टॅटिक मार्ग आपलं कार्ड चालू आहे एवढंच पाहतो. मध्ये स्विच असेल तर त्याचा हिरवा दिवा लागलेला असतो आणि पलीकडचा राउटर मरून पडला तरी कार्डाला पत्ता नसतो. पॅकेट निष्ठेनं तिकडे ओतली जातात. शेजारी दुसरी, धडधाकट लाइन मोकळी पडलेली असते, तिचं भाडंही भरलेलं असतं.

शिवाय दूरवरच्या यंत्रात लॉगिन करून त्याचंच टेबल साफ करणं हा घोळ आहेच. ‘रूट फ्लश’ म्हणून एंटर दाबलं की प्रॉम्प्ट परत येत नाही, आणि बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या गोष्टीचा अर्थ कळतो. मुरलेले लोक आधी ‘शटडाउन -आर +१०’ लावून ठेवतात: दहा मिनिटांत यंत्र आपोआप रीबूट होणार आणि फाइलमधले जुने मार्ग परत येणार. काम नीट झालं तर शटडाउन रद्द करायचं. ते रद्द करायला विसरणारेही असतात, पण त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात होते.

गंमत म्हणजे स्टॅटिक टेबल पुरतं स्टॅटिकही नसतं. गेटवेला आपल्यापेक्षा जवळचा रस्ता माहीत असेल तर तो आयसीएमपी रिडायरेक्ट पाठवून ‘माझ्याकडे कशाला येतोस, त्या शेजाऱ्याकडे जा’ असं सुचवतो. यंत्र ते ऐकतं आणि टेबलात स्वतःच्या अकलेनं एक ओळ घालतं. बीएसडी युनिक्सवर अशा ओळीसमोर ‘डी’ हे अक्षर असतं. कट्टर स्टॅटिकपंथी सकाळी टेबल उघडतो तेव्हा त्यात दोन ‘डी’ उभे असतात.

दुसऱ्या पंथाची स्थापना युनिक्सवर झाली ती १९८३ साली. बर्कलीच्या ४.२ बीएसडीबरोबर ‘राउटेड’ नावाचा डेमन आला. त्यानं बोलायची भाषा झेरॉक्सकडून घेतली होती. पुढे तिला रिप म्हणू लागले आणि १९८८ साली रटगर्स विद्यापीठाच्या चार्ल्स हेड्रिक यांनी ती आरएफसी १०५८मध्ये रीतसर लिहून काढली. म्हणजे पाच वर्षं जग जी भाषा बोलत होतं, तिचं व्याकरण मागाहून आलं. रिपचा रिवाज साधा. दर ३० सेकंदांनी आपलं सगळं टेबल शेजाऱ्यांना ओरडून सांगायचं: अमुक नेटवर्क माझ्यापासून दोन टप्पे, तमुक पाच टप्पे. ऐकणाऱ्यानं त्यात एक मिळवून पुढच्याला सांगायचं. प्रत्यक्ष कुणीच काही पाहिलेलं नसतं, सगळी सांगोवांगी. एखाद्या शेजाऱ्याकडून १८० सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर त्यानं सांगितलेल्या वाटा मेल्या असं समजायचं.

टप्पे मोजायचे म्हणजे फक्त टप्पेच मोजायचे. एका टप्प्याची ५६ केबीपीएसची रडतखडत चालणारी लाइन आणि दोन टप्प्यांची १० एमबीपीएसची इथरनेट यांत रिप न चुकता पहिली निवडतं.

आणि टप्प्यांची मर्यादा पंधरा. रिपच्या गणितात सोळा म्हणजे अनंत. हा आकडा एवढा लहान का, याचं उत्तर लग्नघरातल्या भांडारघराच्या किल्लीत आहे. किल्ली हरवली आहे, पण ते कुणालाच ठाऊक नाही. काकांना विचारलं तर ‘मामांकडे आहे’, मामांना विचारलं तर ‘काकांकडे आहे’, आणि दोघंही प्रामाणिक. एखादं नेटवर्क मेलं की दोन राउटर अगदी हेच करतात. पहिला म्हणतो, दुसऱ्याला तिथला रस्ता माहीत आहे, तो दोन टप्प्यांवर, म्हणजे मी तीन. दुसरा ते ऐकून म्हणतो, तो तीन, म्हणजे मी चार. पाच, सहा, सात करत दोघं चढत जातात, आणि तोवर पॅकेट दोघांमध्ये हेलपाटे घालत असतं. हे कुठेतरी थांबवायचं तर अनंत जवळच हवं. म्हणून मोजणी सोळावर गेली की किल्ली हरवल्याचं जाहीर होतं. ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच ते परत सांगायचं नाही, असा नियमही पुढे आला. दोघांपुरता तो चालतो. लग्नघरात तिसरी आत्या असली की पुन्हा सोळापर्यंत मोजणं आलंच.

राउटेडचा भाबडेपणा आणखी होता. ५२० या पोर्टवरून आलेलं सगळं तो खरं मानी. युनिक्सवर १०२४च्या खालचं पोर्ट फक्त ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याला उघडता येतं आणि रूट म्हणजे जबाबदार माणूस, अशी त्यामागची समजूत. सगळी यंत्रं विद्यापीठाच्या कुलूपबंद खोलीत होती तोवर ती ठीक होती. नंतर टेबलाटेबलावर पीसी आले आणि प्रत्येक जण स्वतःच्या टेबलावरचा रूट झाला. अशा एका पीसीनं ‘सगळ्या जगाची वाट माझ्याकडून’ असं जाहीर केलं, की मजल्यावरचं सगळं नेटवर्क त्याच्याकडे वळायला मोकळं.

सन कंपनीच्या जुन्या सोलॅरिसनं याही पुढची पायरी गाठली होती. बूट होताना त्याला दोन नेटवर्क कार्डं दिसली की आपण राउटर आहोत अशी त्याची खात्री पटे, आणि तो पॅकेट इकडून तिकडे द्यायला व राउटेड चालवून वाटा सांगायला बसे. बिचाऱ्या ॲडमिननं दुसरं कार्ड नुसतं बॅकअपसाठी लावलेलं असे. याला आवरायचं तर ‘/ईटीसी/नॉटराउटर’ नावाची फाइल ठेवावी लागे. आत काहीही लिहायचं नाही. कोरी फाइल, पण ती जागेवर आहे एवढं पाहिलं की यंत्र मान्य करी: राउटर? तो मी नव्हे. आणि ‘/ईटीसी/डिफॉल्टराउटर’मध्ये गेटवेचा पत्ता लिहून ठेवला की साध्या यंत्रावरचा राउटेड सुरूच होत नसे. स्टॅटिक की डायनॅमिक या प्रश्नाचा निकाल सोलॅरिसवर अशा दोन फाइली लावत, आणि त्यांतली एक कोरी.

अशा ठरल्या वेळी ओरडण्याचाही एक किस्सा आहे. मे १९९२मध्ये बर्कलीहून एमआयटीकडे सेकंदाला साधारण एक या गतीनं पिंग पाठवले गेले. दर ९० सेकंदांनी त्यांतले काही ओळीनं गायब होऊ लागले. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी छडा लावला. वाटेतले राउटर आयजीआरपी नावाची भाषा बोलत, तिचा रतीब ९० सेकंदांचा. टेबलांची देवाणघेवाण चालू असताना त्यांना पॅकेट पुढे ढकलायला वेळ नसे. खरी गंमत पुढे. प्रत्येक राउटरचं घड्याळ स्वतंत्र. तरीही दुसऱ्याचं ऐकून घेतल्यावर आपलं घड्याळ पुन्हा लावायचं, या सवयीमुळे ते हळूहळू एका तालावर येत आणि मग सगळे एकदमच बोलत. उपाय निघाला तो असा, की प्रत्येकानं आपल्या वेळेत थोडी मनमानी मिसळायची. वक्तशीरपणामुळे नेटवर्क तुंबतं, हे सिद्ध करणारा हा शोधनिबंध १९९३ साली आला. भारतीय वाचकांनी तो फारसा उचलून धरला नाही याचं आश्चर्य वाटतं.

सांगोवांगीला कंटाळून लोक मग नकाशाकडे वळले. प्रत्येक राउटरनं फक्त स्वतःच्या दुव्यांबद्दल बोलायचं, ते बोलणं जसंच्या तसं सगळ्यांपर्यंत जायचं आणि प्रत्येकानं आपल्यापुरता पूर्ण नकाशा जुळवून जवळची वाट काढायची. वाट काढायचं गणित एड्सगर डाइक्स्ट्रा यांचं. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पिताना, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सुचलेलं. आरमॅक या संगणकाच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांनी नेदरलँड्सचा ६४ शहरांचा नकाशा घेतला होता, कारण ६४ म्हटलं की शहराचा क्रमांक सहा बिटांत मावतो.

अशाच सहा बिटांनी पुढे एकदा इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट झोपवलं. तिथं १९७०च्या दशकाच्या अखेरीस नकाशावाली पद्धत आली होती. प्रत्येक बातमीला सहा बिटांचा क्रमांक. ६३नंतर पुन्हा शून्य, म्हणून नवी बातमी कोणती हे चक्राकार मोजायचं. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका यंत्राच्या बिघडलेल्या स्मृतीतून बिट गळाले आणि एकाच यंत्राच्या नावे तीन बातम्या फिरू लागल्या: ४४, ४० आणि ८. चक्राकार हिशेबात ४४ हा ४०पेक्षा नवा, ४० हा ८पेक्षा नवा आणि ८ हा ४४पेक्षा नवा. तिघंही एकमेकांहून ताजे. सगळं नेटवर्क तीच तीन शिळी वर्तमानपत्रं ताजी म्हणून वाटत राहिलं आणि कित्येक तास दुसरं काहीच करू शकलं नाही. शेवटी प्रत्येक यंत्राला ‘पन्नास क्रमांकाचं यंत्र बोलेल ते ऐकू नकोस’ असं बजावणारा पॅच घालावा लागला. एरिक रोझेन यांनी ही हकीकत आरएफसी ७८९मध्ये फार संयमानं लिहिली आहे.

आजच्या युनिक्सवर डायनॅमिक पंथाचं प्राणिसंग्रहालय आहे. कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ साली झेब्रा सुरू केला. तो थंडावल्यावर त्यातून जो निघाला त्याचं नाव क्वागा, म्हणजे झेब्र्याचीच नामशेष झालेली जात. चालू सॉफ्टवेअरला नामशेष प्राण्याचं नाव ठेवायला धैर्य लागतं. त्यातून पुढे एफआरराउटिंग निघाला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातून बर्ड उडाला. ओपनबीएसडीवाल्यांनी आपला ओपनबीजीपीडी वेगळा मांडला, कारण वेगळं न मांडणं त्यांच्या स्वभावात नाही.

इतकं सगळं फुकट हाताशी असल्यावर मोह होतो. एकच गेटवे असलेल्या सर्व्हरवर ओएसपीएफ ही नकाशावाली भाषा चालवणारे तरुण आहेत. दर दहा सेकंदांनी तो सर्व्हर ‘हॅलो’ म्हणतो, चाळीस सेकंद उत्तर आलं नाही तर शेजारी गेला असं मानतो आणि मग दुसरी वाट शोधतो, जी नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दार एकच असेल तिथं डिफॉल्ट मार्ग लिहावा, फाइलमध्येही लिहावा आणि घरी जावं. दोन लाइन असतील, राउटर हाताच्या बोटांबाहेर गेले असतील, किंवा सगळं पाठ असलेला माणूस लवकरच निवृत्त होणार असेल, तर डेमनला बोलवावं. एरवी या वादात जिंकण्यासारखं काही नाही. स्टॅटिक चुकतो तेव्हा एका ऑफिसचं जेवण जातं. डायनॅमिक चुकतो तेव्हा बातमी होते.

८ जुलै २०२२ रोजी कॅनडाच्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीत नेटवर्क सुधारण्याच्या ओघात एका राउटरवरची गाळणी काढली गेली. गाळलेल्या वाटांचा लोंढा आत शिरला, मुख्य राउटर त्यात गुदमरले आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन-इंटरनेट गेले. कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच नेटवर्कवर होते, त्यामुळे काय झालंय हे एकमेकांना विचारायचीही पंचाईत. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकच्या अंतर्गत जाळ्याचे सगळे दुवे एका आज्ञेनं तुटले. आपल्याला डेटा सेंटरशी बोलता येत नाही, म्हणजे आपणच आजारी असू, असा प्रामाणिक विचार करून फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरनी जगाला दिलेल्या आपल्या वाटा मागे घेतल्या. सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं गायब. त्या रात्री अनेक मराठी घरांत ‘शुभ रात्री’ म्हणण्यासाठी माणसांना प्रत्यक्ष बोलावं लागलं.

पण सगळ्यांत शहाणी फजिती दोन्ही पंथांच्या संगमावर होते. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारनं यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या २५६ पत्त्यांची वाट कृष्णविवराकडे वळवली. हा वळसा देशापुरता होता. असले मार्ग हातानं लिहिण्याची रीत असते. तो बीजीपी या नेटवर्कांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेतून बाहेर निसटला, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूनं शहानिशा न करता जगाला सांगितला आणि जगानं मानला, कारण यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा मोठा पट्टा सांगत होतं आणि राउटर नेहमी जास्त नेमकं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतात. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून सतरा मिनिटं झाली होती. ऐंशी मिनिटांनी यूट्यूबनंही २५६ पत्त्यांचा पट्टा सांगितला. सामना बरोबरीतच राहिला, तेव्हा १२८-१२८चे दोन तुकडे करून सांगितले. सव्वादोन तासांनी पीसीसीडब्ल्यूनं पाकिस्तानकडून आलेल्या वाटा मागे घेतल्या, आणि एका देशासाठी बंद केलेलं यूट्यूब उरलेल्या देशांत पुन्हा दिसू लागलं.

लिनक्सच्या ‘आयपी रूट’ आज्ञेत मार्गाच्या ओळीपुढे ती कुणी लिहिली याची नोंद असते: कर्नल, बर्ड, झेब्रा, स्टॅटिक. मॅन्युअल सांगतं, की ज्यावर ‘स्टॅटिक’ असा शिक्का आहे त्या मार्गाचा राउटिंग डेमन मान राखेल, आणि बहुधा शेजाऱ्यांनाही तो सांगेल. ज्यावर ‘बूट’ असा शिक्का आहे तो यंत्र सुरू होतानाचा तात्पुरता मार्ग समजून डेमन आल्याआल्या पुसून टाकेल. आणि रात्री दोन वाजता फोनवर ओरडणाऱ्या साहेबांना ‘झालं, झालं’ म्हणत ॲडमिन घाईघाईनं जो मार्ग हातानं टाइप करतो, त्यावर दुसरं काही सांगितलं नाही तर शिक्का बसतो ‘बूट’.